मेकाँगच्या तोंडाशी : कान थोला गेलेल्यांनी लिहा

ठाणे

मंडळी, व्हिएतनामला आता आपल्याकडून बरीच माणसं जातात. मुंबईहून थेट विमान झाल्यापासून आमच्या सोसायटीतलीच चार कुटुंबं जाऊन आली. हनोई, हा लाँग, दा नांग, हो ची मिन्ह सिटी, की झाली सहल. दक्षिणेला मेकाँगचा त्रिभुज प्रदेश पसरलाय आणि त्यातलं सगळ्यात मोठं शहर कान थो. तिथे मात्र फार तर एक सकाळ. टूरवाले रात्री नेतात, पहाटे तरंगता बाजार दाखवतात, दुपारी परत. तुमच्यापैकी कोणी तिथे राहिलं असेल, कामाने गेलं असेल, चुकून अडकलं असेल, तर इथे लिहा. हॉटेलांचे भाव आणि 'पाहण्यासारखी दहा ठिकाणं' नकोत, ती सगळीकडे मिळतात.

सुरुवात मी करते.

आम्ही दोघं जानेवारीत तीन रात्री होतो. आपण 'कॅन थो' म्हणतो, तिथले लोक 'कन थऽ' असं काहीतरी म्हणतात. मी आपली मधली वाट काढून कान थो लिहिते. मेकाँग व्हिएतनाममध्ये शिरते तीच दोन फाट्यांनी, तिएन आणि हाउ. पुढे त्यांनाही फाटे फुटतात, म्हणून तिकडे नदीचं नाव नऊ ड्रॅगन. शहर हाउच्या काठाला आहे, पण बाजार भरतो तो तिला येऊन मिळणाऱ्या लहान नदीवर. बाजाराचं नाव पुस्तकात 'काई रांग' असतं, आमच्या नावाडीबाईंच्या तोंडी ते स्वच्छ 'काय रंग' होतं. नवऱ्याने तेवढ्या भांडवलावर दिवसभर कोट्या केल्या.

पहाटे पाचला निन किऊच्या धक्क्यावरून निघालो. अंधार, डिझेलचा वास, आणि पाण्यावर वाहत येणारे जलपर्णीचे गठ्ठे. पंख्यात जलपर्णी अडकली की बाई इंजिन बंद करायच्या, लांब दांडा पाण्याबाहेर उचलायच्या, बोटांनी मुळ्या ओढून काढायच्या आणि पुन्हा चालू. तासाभरात हे चार वेळा झालं. एकदाही वैतागल्या नाहीत.

बाजार पाहून पहिल्यांदा वाटलं, एवढंच? फोटोत शेकडो नावा दिसतात. आम्हाला विकणाऱ्यांपेक्षा बघणाऱ्यांच्याच नावा जास्त दिसल्या. पण जे होतं ते नीट बघितलं. हा घाऊक बाजार, त्यामुळे एकेका मोठ्या नावेत एकच माल. कुठे नुसते अननस, कुठे भोपळे, कुठे रताळी. नावेवर उंच बांबू उभा आणि त्याला मालाचा नमुना टांगलेला. लांबून बांबू बघायचा आणि तिकडे वळायचं, हाका मारायला नकोत. बाईंनी मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी या बांबूचे चार नियम सांगितले. टांगलंय ते विकायचं. टांगलंय पण विकायचं नाही, म्हणजे वाळत घातलेले कपडे, कारण माणसं नावेतच राहतात. टांगलं नाही तरी विकायचं, म्हणजे कॉफी आणि शेवयांचं सूप, ते टांगणार कसं! चौथा नियम त्यांनी दोनदा सांगितला, कुठल्याशा पानाबद्दल होता, पण मला कळलाच नाही. कोणाला माहीत असेल तर सांगा.

डोंबिवली

छोटासाच अनुभव, पण पैसे वाचतील. त्यांची २० हजारांची नोट निळी आणि ५ लाखांची नोटही निळीच. दोन्हींवर हो ची मिन्ह. एक आपल्या साठ-पासष्ट रुपयांची, दुसरी सोळाशे-सतराशेची. रात्रीच्या बाजारात उसाचा रस घेतला (छोटं लिंबासारखं फळ सालासकट पिळून घालतात, आपल्या आलं-लिंबापेक्षा मला तो जास्त आवडला) आणि अंधारात मोठी निळी नोट देऊन चालायला लागलो. रसवाली मुलगी ग्लास तसाच टाकून पाठीमागे धावत आली. दुसऱ्या दिवशी टॅक्सीत हीच चूक केली, तेव्हा मात्र कोणी धावलं नाही. मोठ्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा.

सांगली

आम्ही माय-लेकी गेलो होतो. आई सत्तरीची, आणि वर चातुर्मास, म्हणजे कांदा-लसूणही नाही. माझ्या बॅगेत दशम्या, मेतकूट, दाण्याची चटणी, कोरडे पोहे. आठ दिवस खोलीत बसून हेच खायचं असं धरून चाललो होतो.

हो ची मिन्ह सिटीत हॉटेलच्या मुलीने एक वाक्य शिकवलं, 'तोय आन चाय'. म्हणजे मी शाकाहारी आहे. आईला वाटलं चहा मागायचा. गंमत म्हणजे चहाला तिथे 'चा'च्या जवळपासचंच काहीतरी म्हणतात, आणि जेवायला बसलं की बर्फ घातलेला कोरा चहा पाण्यासारखा समोर येतो. त्यामुळे आईचा घोळ शेवटपर्यंत मिटला नाही. ती 'चाय' म्हणायची, समोरची बाई मान डोलावून बिनमांसाचं ताट आणायची, आणि आई मला म्हणायची, "बघ, चहा मागितला तर जेवण देतात, किती प्रेमळ!"

आम्ही कान थोला पोचलो तो दिवस २०२४ च्या राखी पौर्णिमेच्या आदला. त्यांची सातव्या महिन्यातली पौर्णिमा. तिथे पौर्णिमेला आणि महिन्याच्या पहिल्या तिथीला पुष्कळ लोक मांसाहार करत नाहीत, आणि ही पौर्णिमा तर मोठी. गल्लोगल्ली 'चाय' लिहिलेल्या पाट्या. कर्मठ बौद्ध शाकाहारात कांदा-लसूणही वर्ज्य असतो हे मला तिथे कळलं. आईचा चातुर्मास परदेशात इतका बिनबोभाट पार पडेल असं कोणाला वाटलं असतं? एका ठिकाणी तांदळाच्या पिठात नारळाचं दूध आणि हळद घालून मोठं पातळ घावन टाकलं, आत मूग, मोड आलेली कडधान्यं, अळंबी. खाताना तुकडा मोडायचा, मोहरीच्या हिरव्या पानात गुंडाळायचा आणि सॉसमध्ये बुडवायचा. आईने पान बाजूला ठेवलं, सॉस बाजूला ठेवला आणि मेतकूट काढलं. शेजारच्या टेबलावरच्या आजीने मेतकुटाचा वास घेतला, बोटावर घेऊन चाटलं आणि बराच वेळ विचार केला.

एक सूचना. 'चाय' न म्हणता नुसतं 'भाजी' मागितली तर त्यात मासळीचा अर्क असतोच असतो. ते 'नुओक माम' बाटल्यांतून सगळीकडे ठेवलेलं असतं.

संध्याकाळी एका पॅगोडात गेलो. मोठ्या परातीत कापडी गुलाब ठेवलेले, लाल आणि पांढरे. दारातल्या मुलीने मला विचारलं, आईकडे बोट दाखवून, "मदर?" मी हो म्हटलं. तिने माझ्या ओढणीला लाल गुलाब लावला. मग आईला तेच विचारलं. आईला कळेना. मी म्हटलं, "तुझी आई आहे का, असं विचारतेय." आई हसली आणि नकारार्थी हात हलवला. तिच्या पदराला पांढरा गुलाब. ज्यांची आई आहे त्यांना लाल, ज्यांची नाही त्यांना पांढरा, अशी ही पद्धत.

माझी आजी जाऊन एकतीस वर्षं झाली. हॉटेलवर परत येईपर्यंत आई रिक्षात (तीनचाकी नव्हे, मोटारसायकलला जोडलेली गाडी) काही बोलली नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर म्हणाली, "तिला व्हिएतनाम कुठे आहे हेसुद्धा माहीत नव्हतं गं."

डहाणू

आमची चिकूची वाडी आहे, त्यामुळे माझं लिहिणं तिकडेच वळणार. ठाण्याच्या ताई, तुम्ही ज्या बांबूंबद्दल लिहिलंय त्यातल्या एकाला चिकू लटकत होते! आम्ही बोटीत उभंच राहिलो. विचारलं तर म्हणाले 'सापोचे'. हे नाव फ्रेंचांकडून आलेलं. फळ मूळचं मेक्सिकोकडचं; ते एकीकडे आमच्या घोलवड-डहाणूला रुजलं आणि दुसरीकडे मेकाँगला. आमच्या घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तर थोडा अभिमान होताच. एक फोडून खाल्ला. गोड आहे, पण आमच्या कालीपत्तीचा दाणेदारपणा त्यात नाही. बायको म्हणाली, "तू आधी ठरवूनच खाल्लास." असेल. रात्रीच्या बाजारात चिकूचं मिल्कशेक सगळीकडे मिळतं, ते मात्र थेट आमच्या हायवेवरच्यासारखं.

पण मला लिहायचंय ते बागांबद्दल. फाँग दिएन भागात एका बागेत अर्धा दिवस घालवला. तिथली जमीन म्हणजे गाळ. खणलं की लगेच पाणी. म्हणून ते आधी समांतर चर खणतात, निघालेली माती दोन चरांमध्ये टाकून लांबच लांब उंच वाफा करतात, आणि झाडं त्या वाफ्यावर. चरात पाणी, पाण्यात मासे. आम्ही पाणी आणण्यासाठी जन्म घालवला, यांचा सगळा खटाटोप झाडाचं मूळ पाण्याच्या वर ठेवण्याचा.

बाग आणि कालवा यांच्यामध्ये बांध, बांधात एक जाडसा पाइप, आतल्या तोंडाला बूच. भरतीला कालवा चढला की बूच काढायचं, चर भरून घ्यायचा. ओहोटीला जास्तीचं सोडून द्यायचं. पंप नाही, वीज नाही. मालक माझ्याच वयाचा, तो बूच काढून दाखवत होता आणि मी त्याला फोनवर आमच्या विहिरीचा फोटो दाखवत होतो. त्याने फोटो मोठा करून खाली पाणी कुठे आहे ते शोधलं, आणि मग माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी विसरणार नाही.

खारं पाणी हे त्यांचं दुखणं. उन्हाळ्यात नदीला वरून पाणी कमी पडलं की समुद्राचं पाणी आत घुसतं. २०१६ आणि २०२० ही दोन वर्षं फार वाईट गेली म्हणाला. त्याच्या बागेपर्यंत खार पोचली नाही, समुद्राकडच्या मेव्हण्याची ड्युरियनची झाडं गेली. त्या दिवसांत बूच काढण्याआधी तो पाणी जिभेवर घेऊन बघतो.

वर्सोवा

हॉटेलात 'बासा' खाणाऱ्यांनी हे वाचा. आम्ही कोळी माणसं बासाला मासा म्हणत नाही, तो वाद सोडा. पण तो येतो या हाउ नदीच्या काठच्या तळ्यांतून. आणि बासा म्हणून जगभर जो विकला जातो तो बहुतेक वेळा बासा नसून त्याचा भाऊ 'त्रा' असतो. दोन्ही नावं तिथल्या बाजारातल्या बाईने मला ओळीने मासे उचलून दाखवली.

तिथेच तो आंबट कालवणात खाल्ला आणि मत थोडं बदललं. चिंचेचा कोळ, अननस, टोमॅटो, भेंडी, अळूचे देठ, आणि वरून हादग्याची फुलं! होय, आपलाच हादगा. एक हिरवा पाला घालतात, त्याला जिऱ्यासारखा वास. आमच्या सासूबाई आल्या असत्या तर वाटीभर रस्सा नुसताच प्यायल्या असत्या. मुरवलेल्या मासळीचं 'माम' मात्र सगळ्यांना झेपणार नाही. सुकट-बोंबलात वाढलेली मी, मलाही पहिला घास गिळताना जरा दम धरावा लागला. दुसऱ्या घासाला काही वाटलं नाही.

नावांच्या नाळीवर दोन डोळे रंगवलेले असतात. आपण नाळीला हार घालतो, ते डोळे देतात.

नागपूर

मी आणि मुलगा नोव्हेंबर २०२३ मध्ये गेलो. माझ्या डोक्यात एकच होतं, ख्मेर, म्हणजे कंबोडियन वंशाच्या, लोकांचे विहार बघायचे. हा सगळा मुलूख पूर्वी ख्मेरांचा, आजही तिथे त्यांची मोठी वस्ती आहे आणि ते थेरवादी आहेत. व्हिएतनामी बौद्ध महायानी, त्यांचे पॅगोडा वेगळे, सूत्रं वेगळी.

कान थो शहरात भर रस्त्यावर एक ख्मेर विहार आहे, १९४८ चा. पाटीवर रोमन लिपीत लांबलचक नाव. मुलगा वाचायला अडखळला. मी मनातल्या मनात फोड केली : मुनी, रंसि म्हणजे किरण, आराम म्हणजे विहार. मुनिरंस्याराम. म्हटलं, अरे हे तर आपलंच आहे, पाली आहे.

वरच्या मजल्यावर गेलो. पाचच्या सुमाराला भिक्खू आले, सहा-सात जण, त्यातले तीन तर माझ्या मुलापेक्षाही लहान. बसले आणि म्हणायला लागले. पहिल्यांदा काही कळेना. चाल वेगळी, उच्चार वेगळे, 'भ'चा 'फ' ऐकू येत होता. मग एकदम 'तस्स' कानावर आला आणि कुलूप उघडलं. नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स. मी लहानपणापासून वस्तीतल्या विहारात दर रविवारी हेच म्हणत आलोय. माझ्या आजोबांनी १९५६ साली दीक्षाभूमीवर लाखो लोकांत उभं राहून हेच पहिल्यांदा म्हटलं, तेव्हा ते तिशीत होते. मी हळू आवाजात म्हणायला लागलो. सरणं आलं तेव्हा एका म्हाताऱ्या भिक्खूने डोळे उघडून बघितलं. थांबले नाहीत. पुढे पंचशील आलं, मुलगाही म्हणायला लागला.

संपल्यावर त्यांनी विचारलं कुठून आलात. 'इंडिया' म्हटल्यावर 'बोधगया?' मी म्हटलं नागपूर. ते काही त्यांना माहीत नव्हतं. खिशातल्या पाकिटात बाबासाहेबांचा छोटा फोटो होता तो दाखवला. एका तरुण भिक्खूने नाव विचारून फोनवर शोधलं आणि बराच वेळ वाचत बसला.

त्यानेच सांगितलं, उद्या-परवा सोक ट्रांगला जा, पौर्णिमा आहे. कान थोहून साठेक किलोमीटर. तिथे ख्मेर लोकांच्या लांब नावांच्या शर्यती असतात, एकेका नावेत पन्नासेक वल्हेकरी, काठावर मुंगी शिरायला जागा नाही. पण मला जास्त मजा आली ती त्यांचे महिने ऐकून. चेत, पिसाख, चेस, आसाथ... चालू महिना कादेक. म्हणजे कार्तिक! आपली त्रिपुरारी पौर्णिमा. रात्री चंद्राला नैवेद्य दाखवतात, तो कशाचा? पोह्यांचा. नव्या भाताचे हिरवट पोहे, त्यात ओलं खोबरं आणि केळं. घरातला मोठा माणूस मुलांच्या तोंडात मूठभर कोंबतो आणि विचारतो, काय पाहिजे ते माग. एका आजोबांनी माझ्याही तोंडात कोंबले. नागपूरच्या माणसाला विनातर्रीचे पोहे म्हणजे आजारपण, पण खाल्ले.

परळ

मी पुलांच्या कामातला. ऑक्टोबरात कामानिमित्त चार दिवस गेलो होतो, ते मुख्यतः हाउवरचा केबलचा पूल बघायच्या ओढीने. मधला गाळा ५५० मीटरचा. एप्रिल २०१० मध्ये सुरू झाला, त्याआधी सगळी वाहतूक फेरीबोटीने. हा पूल बांधताना २००७ च्या सप्टेंबरात जोडरस्त्याकडचा भाग कोसळला आणि पन्नासहून जास्त मजूर गेले. मऊ गाळात तात्पुरता आधार खचला की काय होतं ते आम्हाला वर्गात याच उदाहरणावरून शिकवलं होतं. पुलाखाली उभा राहिलो तेव्हा वरून फक्त स्कूटरींचा आवाज येत होता.

संध्याकाळी हॉटेलजवळ जेवायला बसलो. आभाळ स्वच्छ, चांदण्या दिसतायत. बघता बघता गटाराच्या जाळीतून पाणी वर यायला लागलं. हिंदमाताच्या माणसाला पाणी नवीन नाही, पण पाऊस नसताना? वेटरने शांतपणे खालच्या खुर्च्या टेबलावर ठेवल्या, माझ्या पायाखाली प्लॅस्टिकचं स्टूल सरकवलं आणि सूप आणलं. रस्त्यावर घोटाभर, मग पोटरीपर्यंत. मुलं सायकली फिरवतायत. मालकिणीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. त्यावर मोठ्या आकड्याखाली छोट्या आकड्यात चांद्रतिथी छापलेली असते, आपल्या कालनिर्णयासारखी. पौर्णिमा. आठव्या-नवव्या महिन्याच्या पौर्णिमा-अमावास्येला वरून पुराचं पाणी आणि खालून समुद्राची भरती एकमेकांना भिडतात, नदीला जायला जागा राहत नाही, ती शहरात येते. तास-दोन तासांत उतरलं. सगळ्यांनी झाडू काढले. समुद्र तिथून ऐंशीएक किलोमीटर लांब आहे, हे लक्षात घ्या.

पुणे

सदाशिव पेठेतून लिहितोय, त्यामुळे तक्रारीने सुरुवात करणं भाग आहे : रात्रीच्या नदीवरच्या जेवणाच्या बोटीत लाउडस्पीकर फार. पण त्यातच एक प्रकार ऐकला. 'दॉन का ताय तू', दक्षिणेचं हौशी मंडळींचं बैठकीतलं गाणं, २०१३ साली युनेस्कोच्या यादीत गेलेलं. साथीला गिटार. जवळ जाऊन बघितली तर पडद्यांमधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं. तार आत दाबली की सूर वर सरकतो. मींड! पाश्चात्त्य वाद्याला मींड काढायला लावण्यासाठी त्यांनी लाकूड खरवडलं, आपण हार्मोनियमवर शंभर वर्षं वाद घातला. वादकाच्या पायाखाली लाकडाची छोटी टिचकी, ठरलेल्या मात्रेवर टक्. बाई तालाबाहेर मोकळं गात लांबवत लांबवत गेल्या आणि एका जागी अलगद उतरल्या, टक्, आणि सगळ्या बोटीने टाळ्या वाजवल्या. शब्द एक कळत नव्हता, पण सम कळली. माझ्या तोंडून "वा" गेलं ते जरा मोठ्यानेच.

हो ची मिन्ह सिटी

मी इथे नऊ वर्षं आहे, मासळीच्या निर्यातीच्या कामात. कान थोला महिन्यातून दोन खेपा होतात. काही गोष्टी जोडतो.

जायला बस उत्तम. मिएन ताय स्थानकावरून सारख्या सुटतात, अंतर साधारण १७० किलोमीटर. डिसेंबर २०२३ मध्ये शेवटचा द्रुतगती टप्पा उघडला, आता तीन-साडेतीन तासांत पोचता. जुन्या रस्त्यावर झोपाळ्यांची कॉफी दुकानं होती, झोळीत पडून कॉफी प्यायची आणि तासभर झोपायचं. द्रुतगती मार्गाने ती चुकतात. मी अजून कधीकधी मुद्दाम जुन्या रस्त्याने जातो.

बाजार आटतोय हे खरं आहे, आणि कारणही तेच. रस्ते. पूर्वी बागेतून माल निघायचा तो नावेनेच. आता ट्रक बागेच्या तोंडाशी येतो. काठाला काँक्रीटचा बांध झाला, त्यामुळे काठावरचे व्यापारी उठले, माल चढवायला-उतरवायला पूर्वीची सोय राहिली नाही. नावेत वाढलेल्या मुलांना शाळेसाठी जमिनीवर ठेवावं लागतं, ती नावेत परत येत नाहीत. सरकारने २०१६ मध्ये बाजाराला राष्ट्रीय वारशाचा दर्जा दिला. वारसा म्हणून जाहीर झाला तेव्हाच ओळखायला हवं होतं, असं आमचा ड्रायव्हर म्हणतो. तो स्वतः कलिंगडाच्या नावेत जन्मलेला.

नागपूरकर, तुम्ही गेलात ते सोक ट्रांग १ जुलै २०२५ पासून कान थोतच आलंय, शेजारच्या हाउ यांग प्रांतासकट. म्हणजे तुमच्या नावांच्या शर्यती आता कान थोच्या. आणि डहाणूकर, पुढच्या वेळी चिकूऐवजी एसटी-२५ तांदूळ न्या, तो सोक ट्रांगचा, २०१९ साली मनिलात जगातला सर्वोत्तम तांदूळ म्हणून निवडला गेला. आंबेमोहोराची तुलना इथे काढू नका, मी आधीच एकदा मार खाल्लाय.

ठाण्याच्या ताई, चौथा नियम : एक टांगायचं आणि दुसरंच विकायचं. बांबूला झावळीचा जुडगा टांगलेला दिसला तर झावळी विकायची नसते. इथे घरं झावळ्यांनी शाकारतात, म्हणून झावळी म्हणजे घर. नाव विकायला काढली आहे, असा त्याचा अर्थ.

ठाणे

धन्यवाद. हे वाचून रात्री जानेवारीचे फोटो पुन्हा काढले. आमच्या ह्यांचा अननस खातानाचा एक फोटो आहे, अननस कसा छान कोरून देठाला धरून देतात ते दिसावं म्हणून मीच काढलेला. त्यांच्या खांद्यामागे एक मोठी नाव आहे. तिच्या बांबूला अननस नाही, भोपळा नाही. मोठं करून बघितलं. वाळलेली झावळी, सुतळीने बांधलेली. खाली दोरीवर दोन शाळेचे शर्ट वाळत घातलेत, आणि एक बाई पाठमोरी बसून भांडी घासतेय.